बाजू पहिली, गाणं तिसरं

“फार मिरवू नकोस हं,” असं मला बाजारात पहिल्याच दिवशी एका वयस्कर कॅसेटने बजावलं होतं. ती माझ्या शेजारी फळीवर पडून होती. तिच्या डबीचं झाकण तुटलं होतं आणि वरच्या कागदाचा रंग उन्हाने उडून गेला होता. ती म्हणाली, “तुझ्या नावातच ‘निवडक’ आहे. निवडलं म्हणजे पाखडलं. आणि लोक सुपात काय राहिलं ते बघत नाहीत बाई, खाली काय सांडलं ते शोधत बसतात.”

मला वाटलं, म्हातारी जळते आहे. मी तिच्याकडे पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून ऐटीत उभी राहिले.

मित्रांनो, फिलो म्वादी या गायिकेची निवडक, गाजलेली गाणी माझ्या पोटात आहेत. आज माझ्या अंगावर ओरखडे आहेत, फितीला घड्या पडल्या आहेत. पण तेव्हा मी कोरी करकरीत होते. काळंभोर अंग, आत तपकिरी फितीची घट्ट गुंडाळी, या बाजूला पाच गाणी आणि त्या बाजूला पाच. डबीच्या कागदावर फिलोचा फोटो होता. अंगात सोनेरी झगा, केसांत मोती, हात कमरेवर. किन्शासाच्या बाजारात येणारीजाणारी माणसं त्या फोटोपाशी थबकायची आणि मला वाटायचं, माझ्यापाशीच थबकली.

माझा जन्म मात्र इथला नाही. दूर ब्रसेल्समध्ये, एका गारठलेल्या खोलीत फिलोने आपली जुनी गाणी पुन्हा नव्याने गायली. जुन्या फिती घासल्या गेल्या आहेत, असं कंपनीवाले म्हणत होते. तिथून ती गाणी माझ्या आणि माझ्या असंख्य बहिणींच्या फितींवर उतरली. मग आमच्या वरच्या कडेच्या दोन इवल्या पट्ट्या मोडून टाकल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर दुसरा आवाज चढवता येत नाही. मोडताना दुखलं, पण अभिमानही वाटला. माझ्या आत जे आहे ते आता कायमचं, असं मी मनाशी म्हटलं. माझ्या आत काय आहे हे मला ठाऊकच आहे, असं मी धरून चालले होते.

मला विकत घेतलं ते एयेंगाने. न्जिलीच्या वस्तीत आंब्याच्या झाडाखाली बसून ती बायकांच्या वेण्या घालायची. तिच्या केसांत नेहमी दोनतीन फण्या खोचलेल्या असत आणि हातांना खोबरेल तेलाचा वास असे. कमरेला पदरासारखं जे कापड गुंडाळलं होतं, त्याच्या गाठीत तिने मला बांधलं आणि घरी आणलं. अंगणात शिरताच एक सात वर्षांची मुलगी धावत आली. पुढचे दोन दात पडलेले, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. तिने मला हातात घेतलं, नाकाशी नेऊन हुंगलं आणि फोटोवरच्या फिलोच्या गालाला गाल लावला.

तिचं नाव मिरेई. फिलो म्वादी तिची आई.

ही हकिगत मला त्या अंगणात वेण्या घालून घ्यायला येणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळली. फिलो गाजलेली नव्हती तेव्हा ती आणि एयेंगा एकाच खोलीत राहत. फिलो संध्याकाळी गाण्याच्या तालमीला जायची आणि तान्ही मिरेई एयेंगाच्या पाठीवर बांधलेली असायची. मिरेईला ताप चढायचा तो पटकन डोक्यात जायचा, डोळे फिरायचे. एकदा तर एयेंगा अर्धवट वेणी घातलेलं गिऱ्हाईक तसंच टाकून दवाखान्यापर्यंत पळत गेली होती.

आमच्याकडे गाण्याच्या मध्यावर माणसांची नावं घेण्याची रीत आहे. गिटार जरा मागे सरते, ढोल दम खातात आणि गाणारा कुणा मोठ्या माणसाचं नाव पुकारतो. ज्याचं नाव घेतलं तो मग महिनाभर छाती काढून फिरतो. नाव घ्यावं म्हणून व्यापारी आणि अधिकारी गायकांच्या दारात गाड्या उभ्या करतात. पण फिलोचं पहिलं गाणं आलं तेव्हा तिच्या दारात कुणी नव्हतं. त्या गाण्यात, नदीकाठच्या दिव्याच्या गाण्यात, गिटार मागे सरली आणि फिलोने पुकारलं, “एयेंगा, माझी मिरेई झोपली का?”

ती ओळ शहरभर झाली. बसमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना विचारू लागली, काय राव, मिरेई झोपली का. एयेंगा मासे घ्यायला गेली की कोळणी हाच प्रश्न विचारून तिला एक मासा वर घालायच्या. एयेंगाचं म्हणणं होतं की नाव एकदा गाण्यात पडलं की पडलं. विहिरीत पडलेल्या खड्यासारखं. ते पुन्हा बाहेर निघत नाही.

त्यानंतर फिलो ब्रसेल्सला गेली. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली आणि तिथलीच झाली. त्या गाण्याची जुनी कॅसेट घरच्या टेपने चावून टाकली. रेडिओवर नवी गाणी आली. मिरेई शाळेत जाऊ लागली आणि तिने मैत्रिणींना सांगितलं की माझी आई फिलो म्वादी आहे, ती गाण्यात माझं नाव घेते. तिच्या वर्गात साफी नावाची मुलगी होती, जिभेची तिखट. साफी म्हणाली, “तुझी आई फिलो म्वादी, तर माझा बाप विमानाचा मालक.” सगळ्या वर्गाला ते आवडलं. तेव्हापासून मिरेईला ‘गाणंवाली’ म्हणून चिडवू लागले.

म्हणून मी आले त्या दिवशी त्या घरात सण होता. मिरेईने साफीला आणि आणखी चार मुलींना ऐकायला बोलावलं होतं. एयेंगाने गोड पिठाचे गोळे तळले. टेपचे सेल मेले होते, ते सकाळपासून पत्र्यावर उन्हात तापवत ठेवले होते. झाडाखाली बोलुंबू काकू अर्धं डोकं विंचरून बसल्या होत्या. या काकू म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. मुली चटईवर ओळीने बसल्या. मिरेई सर्वांत पुढे बसली नाही. ती टेपच्या मागे उभी राहिली, कारण तिला गाणं ऐकायचं नव्हतं, तिला साफीचं तोंड बघायचं होतं.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. बोलुंबू काकू मान हलवू लागल्या तसं एयेंगाने त्यांचं डोकं धरून सरळ केलं. तिसरं, नदीकाठच्या दिव्याचं गाणं सुरू झालं, आणि मिरेईने श्वास धरून ठेवला. मला फार आनंद झाला होता, मित्रांनो. माझ्या आयुष्यात कुणी माझी एवढी वाट बघितली नव्हती.

गिटार मागे सरली. ढोल थांबले. आणि माझ्या पोटातून फिलोचा गोड, ओळखीचा आवाज आला, “म्पाका साहेब, सिमेंटचे राजे, तुमचं शहर उभं राहिलं का?”

गाणं पुढे चालू लागलं.

मला काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही. माझ्यात हेच होतं, मी हेच दिलं. पण अंगणात सगळी माणसं जागच्या जागी थिजली होती. एयेंगाची बोटं वेणीत अडकून राहिली. बोलुंबू काकूंच्या तोंडून निघून गेलं, “अगं बाई, मिरेईला मिशा कधी फुटल्या?” त्यांना लगेच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी ओठ आत घेतले. पण साफी हसली. आधी साफी, मग बाकीच्या.

“ते दुसऱ्या बाजूला असेल,” एयेंगा म्हणाली. तिने मला काढलं, उलटं घातलं. दुसरी बाजू सुरू झाली. मुलींनी गोळे खाल्ले, बोटं चाटली आणि एकेक करून उठून गेल्या. मिरेई मात्र शेवटच्या गाण्यानंतरची नुसती खरखरही ऐकत राहिली, टेपची कळ आपोआप वर येईपर्यंत.

रविवारी फिलोचा फोन यायचा. तो कोपऱ्यावरच्या काबेयाच्या दुकानात यायचा. त्या रविवारी एयेंगाने मिरेईला नेलं नाही, मला नेलं. मी तिच्या कमरेच्या गाठीत होते आणि फोन कानाला लावल्यावर पलीकडचा बारीक आवाज मला ऐकू येत होता. तोच आवाज. माझ्या पोटातला.

एयेंगाने सरळच विचारलं, “फिलो, पोरीचं नाव कुठे गेलं?”

पलीकडून आधी हसू आलं. मग फिलो म्हणाली, “ताई, एक ओळ तर आहे. म्पाका साहेबांनी माझ्यासाठी काय काय केलंय तुला माहीत नाही. त्यांच्याशिवाय ही कॅसेट निघालीच नसती.”

“माझं नाव काढलंस तर काढलंस. मी काय, चार डोकी विंचरेन आणि जगेन. पोरीचं कशाला काढलंस? पुढे कुठेतरी घ्यायचं होतंस. दहा गाण्यांत कुठेही.”

फिलोचा आवाज खाली आला.

“ताई, इथे कुणाला माहीत नाही.”

“काय माहीत नाही?”

“मला मुलगी आहे ते. कंपनीलाही नाही, म्पाका साहेबांनाही नाही. मी सांगेन गं, पण आत्ता नको. आत्ता कुठे बस्तान बसतंय.”

एयेंगा ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, “वेळेवर जेवतेस ना?” आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवून दिला. काबेया इतका वेळ एकच डबा पुसत होता. त्याने विचारलं, काय म्हणते आमची तारका. एयेंगा म्हणाली, म्हणते की कंपनीवाल्यांची चूक झाली.

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की मी काय वाहून आणलं आहे. मला वाटायचं मी गाणी आणली. मी ‘मला मुलगी नाही’ म्हणणारी आई आणली होती, आणि तीही मोत्यांचा फोटो लावून. आम्हाला बनवताना कुणी आम्हाला विचारलं नाही. ज्या आवाजावर मी जीव टाकत होते, त्यानेच मला इतक्या लांबून, त्या मुलीच्या दारात, तिच्या मैत्रिणींसमोर उभं केलं होतं. आणि पट्ट्या मोडून ठेवल्या होत्या, म्हणजे कुणी दुरुस्तही करू नये.

घरी येऊन एयेंगाने मिरेईला तेच सांगितलं जे काबेयाला सांगितलं होतं. मिरेईने विचारलं, म्हणजे आईने नाव घेतलं होतं आणि त्यांनी पुसलं? एयेंगा हो म्हणाली. मग आई त्यांच्यावर खूप रागावली असेल. खूप, एयेंगा म्हणाली. मिरेईचा चेहरा थोडा उजळला. तिने शाळेत जाऊन हे सांगितलं. साफी म्हणाली की दुरुस्त झाल्यावर बोलव, तेव्हा गोळे पण जास्त कर.

मग एयेंगाने एक गोष्ट केली. तिच्या जागी मी असते तर मीही केली असती की काय, कोण जाणे. तिने मिरेईला पाणी आणायला पाठवलं आणि माझ्या मोडलेल्या पट्ट्यांच्या जागी कागदाचे तुकडे डिंकाने चिकटवले. तसं केलं की आमच्यावर पुन्हा आवाज चढवता येतो. तिसरं गाणं लावलं. नावाची जागा आली तशी दोन कळा एकदम दाबल्या आणि टेपच्या जाळीला तोंड लावून, आवाज बारीक करून, फिलोसारखा हेल काढून ती म्हणाली, “एयेंगा, माझी मिरेई झोपली का?”

स्वतःचंच नाव असं पुकारताना तिचा आवाज थोडा कापला. म्पाका साहेब माझ्यावरून पुसले गेले. त्यांच्या जागी पहिल्यांदा कुणीतरी मनापासून बोललेलं वाक्य आलं. आणि तेच नेमकं खोटं होतं.

मिरेई आली तेव्हा एयेंगा तिला म्हणाली की काबेयाच्या दुकानातून कॅसेट बदलून मिळाली, ऐक. मिरेईने घडा खाली ठेवला. गाणं लागलं, ती जागा आली, आणि गेली. मिरेई म्हणाली, पुन्हा लाव. एयेंगाने हसत हसत पुन्हा लावलं. त्या दुसऱ्या वेळेला मिरेईने डोळे मिटले होते. गाणं संपल्यावर तिने मला टेपमधून काढलं आणि उलटसुलट करून बघितलं. कागदाचा डिंक अजून ओला होता.

“हा तुझा आवाज आहे, मावशी.”

“अगं, फितीवर आवाज बदलतो.”

“मागे आपली कोंबडी ओरडते आहे.”

मिरेईने नखाने एक कागद सोलला, मग दुसरा, आणि दोन्ही तुकडे एयेंगाच्या तळहातावर ठेवले. “पुन्हा असं करू नकोस,” ती म्हणाली. मोठ्या माणसासारखी म्हणाली. मग घडा उचलून आत गेली.

त्यानंतर ती चांगली वागू लागली.

हेच मला तुम्हाला सांगायचं आहे, म्हणून जरा थांबा. ती रडली नाही. तिने माझी फीत उपसली नाही, फोटो फाडला नाही. ती पहाटे उठून अंगण झाडायची, भाजीसाठी कसाव्याची पानं कुटून ठेवायची, गंगावनाच्या बटा रंगाप्रमाणे लावायची. रविवारी काबेयाच्या दुकानाकडे जायचा हट्ट करेना. वाढलं तेवढं खायची. शाळेत साफीने चिडवलं तर हसायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस एयेंगा, किती गुणी पोर. एयेंगालाही बरं वाटायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यांत बोटं घालून दमलेल्या बाईला, पोर शहाणी झाली हे खरं मानायचंच असतं.

मी खिडकीतल्या फळीवर होते, फण्यांच्या शेजारी. मला दुसरं काही काम उरलं नव्हतं, त्यामुळे मी बघत असे. ती गाणं गुणगुणेनाशी झाली. आणि तिने काहीही मागायचं सोडलं, पाणीसुद्धा.

पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा नवरीकडची डोकी आली. नवरी, तिच्या बहिणी, तिची आई. एयेंगाला मान वर करायला फुरसत नव्हती. मिरेई बटा देत होती, पाणी भरत होती, चुलीवर निखारे घालत होती. मी तिचे डोळे बघितले. ते तापाचे डोळे होते. आदल्या दिवशीही तसेच होते. मित्रांनो, आवाज पोटात असून हाक मारता येत नाही, यासारखी शिक्षा नाही. कुणी कळ दाबली असती तर मी गायले असते, पण तेही फिलोने भरून ठेवलेलं गाणंच.

बोलुंबू काकू सहज आल्या होत्या, नवरीकडच्यांची लगबग बघायला. मिरेई त्यांच्यापुढून गेली तेव्हा त्यांनी तिला गमतीने मानेला धरून थांबवलं. आणि हात तसाच राहिला.

“एयेंगा,” त्या म्हणाल्या, “ही पोर निखाऱ्यासारखी तापली आहे.”

एयेंगाने फणी टाकली. तिने मिरेईला पाठीवर घेतलं तेव्हा मिरेईचे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते, इतकी ती आता मोठी झाली होती. अर्ध्या वेण्यांची नवरी ओरडत राहिली. दवाखान्यात सुई टोचली, रात्रभर ओल्या फडक्याने अंग पुसलं. वाचली पोर. घरी आणल्यावर एयेंगाने तिला जवळ घेऊन विचारलं की दोन दिवस ताप अंगात घेऊन फिरलीस, सांगितलं का नाहीस गं.

मिरेई म्हणाली, “तुझी गिऱ्हाइकं होती ना, मावशी.”

त्यावर एयेंगा जे रडली ते मी विसरणार नाही. कोंबडीच्या आवाजावरून पकडली गेली तेव्हा ती रडली नव्हती, ब्रसेल्सच्या फोनवरही नव्हती.

आता मी जुनी झाले. टेप बिघडला, तो कुणी दुरुस्त केला नाही. माझ्या बहिणी अजून दारूच्या गुत्त्यांमध्ये वाजतात, आणि बसमधली माणसं हल्ली एकमेकांना विचारतात म्हणे, काय राव, शहर उभं राहिलं का. मिरेईचा प्रश्न कुणाला आठवत नाही. फिलोचे फोन कमी झाले आहेत. एयेंगा आता गिऱ्हाइकाच्या मध्येच उठते, आत येते, मिरेईच्या मानेला हात लावते आणि परत जाते. मिरेई म्हणते, मी बरी आहे. ती नेहमीच असं म्हणते, म्हणून एयेंगा पुन्हा उठते.

माझ्यासारखी जुनी वस्तू बोलायला लागली की शेवटी स्वतःसाठी काहीतरी मागते. मला उन्हात ठेवू नका, माझी धूळ पुसा, असं. मला काही नको. फीत कुजली तरी चालेल.

पण तुमच्या घरात, तुमच्या शेजारी, तुमच्या बाकावर एखादं मूल असेल. धाकटी बहीण असेल, कामावरच्या बाईंचा मुलगा असेल, आत्याकडे शिकायला राहिलेली कुणी असेल. ते हल्ली भांडत नाही. हट्ट करत नाही. दिलं ते खातं आणि सगळे त्याला शहाणं म्हणतात. त्याला विचारू नका, ते बरं आहे म्हणूनच सांगेल. नुसता हात लावून बघा. मी कुठे जात नाही, इथेच आहे. तुम्ही मला बाजूला ठेवा आणि आधी त्याला बघून या.